पाठच्या भावंडासाठी निदान

एकाच आईबापांच्या पोटी आलेल्या दोन-तीन मुलांना एकच दुर्मीळ आजार व्हावा आणि आईबाप मात्र ठणठणीत असावेत, या कोड्याची पहिली समाधानकारक उकल १९०२ साली लंडनच्या आर्चिबॉल्ड गॅरॉड या डॉक्टरांनी मांडली. ज्यांची लघवी थोडा वेळ ठेवली की काळी पडते, अशा अल्काप्टोन्युरियाच्या रुग्णांच्या घराण्यांची त्यांनी चौकशी केली, तेव्हा त्यांना दोन गोष्टी दिसल्या. आजार बहुधा भावंडांमध्ये होता, आईवडिलांमध्ये नव्हता. आणि ते आईवडील पुष्कळदा एकमेकांची चुलत-मावस-आतेमामे भावंडे होती. मेंडेलचे विस्मृतीत गेलेले नियम त्याच सुमारास पुन्हा उजेडात आले होते आणि विल्यम बेटसन यांनी दाखवून दिले की हे चित्र त्या नियमांत अचूक बसते. माणसाच्या आजाराला मेंडेलचा नियम लागू झाल्याचे हे पहिले उदाहरण. शोध लागला तो रसायनशास्त्राच्या निमित्ताने खरा, पण त्याची गुरुकिल्ली होती भावंडांची यादी. सव्वाशे वर्षांनंतर परभणी जिल्ह्यातल्या पाथरीसारख्या तालुक्यात या विषयावर लिहायचे तर तीच यादी पुन्हा हाती घ्यावी लागते. या प्रस्तावनेचे म्हणणे एकच आहे: दुर्मीळ आनुवंशिक आजाराचे निदान हा केवळ आजारी मुलाचा प्रश्न नाही, त्याच्या पाठच्या आणि पुढच्या भावंडांचा त्या निदानावर तितकाच हक्क आहे, म्हणून ‘औषधच नाही तर तपासणी कशाला?’ हा आपल्याकडचा सवाल मुळातच चुकीच्या जागी उभा आहे.

नियम समजायला अवघड नाही. बहुतेक जनुकांच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. अशा प्रकारच्या आजारात एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते आणि माणूस निरोगी राहतो. त्याला वाहक म्हणतात. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते. इथे ‘प्रत्येक’ या शब्दावर सगळी भिस्त आहे. चारात एक म्हणजे एक मूल आजारी झाले की पुढची तीन बरी निघणार, असा हिशेब घराघरांत मांडला जातो आणि तो फसवा असतो. निसर्ग मागच्या बाळंतपणाची नोंद ठेवत नाही; दुसऱ्या खेपेलाही शक्यता तीच चारात एक. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आजार होण्यासाठी दोघांची प्रत लागते, त्यामुळे दोष वाटायचाच असेल तर तो निम्मा-निम्मा वाटावा लागेल. प्रत्यक्षात मात्र तो सुनेच्या पदरात पडतो. तिच्या माहेरी ‘काहीतरी होते’, गरोदरपणात तिने ग्रहण पाहिले, तिची कूस वाईट, अशी कारणे निघतात आणि मुलाचे दुसरे लग्न लावून देण्याची भाषाही कानी येते. वैद्यकाने या बाबतीत एवढे निर्विवाद सिद्ध केले असूनही ते घरापर्यंत पोहोचले नाही. त्याचे कारण अज्ञान एवढेच नाही. निदानच झालेले नसते, त्यामुळे सासरच्यांना दाखवायला हातात कागद नसतो.

आता एक हिशेब, जो मला या सगळ्या विषयाचा कणा वाटतो. दोघेही वाहक असलेली आणि प्रत्येकी दोन मुले असलेली सोळा जोडपी घ्या. सरासरीने त्यांतल्या नऊ घरांत दोन्ही मुले निरोगी निघतील. त्या नऊ घरांना आपण वाहक आहोत हे जन्मभर कळणार नाही. सहा घरांत एक मूल आजारी असेल. दोन्ही भावंडे आजारी असे घर सोळांत एकच. म्हणजे आजार दिसलेल्या सात घरांपैकी सहांमध्ये तो एकटा-दुकटा, अपघातासारखा दिसतो आणि ‘आमच्या घराण्यात असे कधीच नव्हते’ हे वाक्य तिथे प्रामाणिकपणे उच्चारले जाते. आजोबांच्या पिढीत सहा-आठ मुले होत, तेव्हा दोन-तीन भावंडांत तेच लक्षण दिसून घराण्यातला धागा निदान गावाच्या तरी ध्यानात येत असे. कुटुंब लहान झाले तसा तो धागा अदृश्य झाला. आजार कमी झाला नाही, त्याची आनुवंशिकता लपली. याचा व्यवहारातला अर्थ फार कठोर आहे. दुसरे भावंड आजारी पडेपर्यंत ‘हे आनुवंशिक नसावे’ असे म्हणत थांबणारा डॉक्टर सातपैकी सहा घरांना चुकीचे उत्तर देतो, आणि उरलेल्या सातव्या घराला बरोबर उत्तर देतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

हा विचार परदेशी पुस्तकांतून उसना आणण्याची गरज नाही. महाराष्ट्राचा स्वतःचा दप्तरखाना यासाठी पुरेसा आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यांच्या तांबड्या पेशींवर ए आणि बी तर नाहीतच, पण ओ गटाच्या माणसांत असतो तो एच घटकही नाही, अशा माणसांचा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. आज जगभर तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ओ म्हणूनच दिसते. मात्र ओ गटाचे रक्त चढवले तर जिवावर बेतते. हा आजार नव्हे, पण वारशाची रीत तीच, दोन्ही पालकांकडून एकेक प्रत. आणि म्हणूनच अशा रुग्णासाठी रक्तदाता शोधताना रक्तपेढीची पहिली विचारणा सख्ख्या भावंडांची असते, कारण त्यांच्यात तो गट सापडण्याची शक्यता चारात एक, बाहेरच्या गर्दीत मात्र हजारोंत एक. भावंडाचे निदान भावंडाचा जीव वाचवते, याचे इतके निखळ उदाहरण दुसरे नसेल. दुसरे उदाहरण दुःखाचे आहे. बॉम्बे हॉस्पिटलमधले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल यांच्या लक्षात आले की पहिल्या वर्षातच डोके मोठे होणे, उशिरा चालणे, पुढे तोल जात जाणे आणि फिटा येणे, आणि तपासणीत मेंदूतल्या पांढऱ्या भागाची मोठी हानी दिसत असूनही बुद्धी बराच काळ शाबूत राहणे, असा विशिष्ट मेळ असलेली मुले पुन्हा पुन्हा अग्रवाल समाजातून येत आहेत. १९९६ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. आदल्याच वर्षी नेदरलँड्समध्ये मार्यो व्हान डेर क्नाप यांनी याच विकाराचे वर्णन केले होते. जनुक २००१ मध्ये सापडले, आणि २००४ मध्ये स्पष्ट झाले की अग्रवाल रुग्णांमध्ये त्यातला एकच ठरावीक बिघाड आहे, म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीच्या कुणा एका पूर्वजाकडून तो उतरत आला आहे.

या दुसऱ्या उदाहरणाशी थोडे थांबायला हवे, कारण मराठवाड्यात या विषयाची चर्चा सुरू होताच ती एकाच वळणावर जाऊन अडते: नात्यातली लग्ने. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिणेच्या रीतींचा सांधा असल्याचे दाखवले. दक्षिणेत आतेमामे भावंडांचे लग्न सर्रास, उत्तरेत निषिद्ध; महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची चाल अनेक जातींत आहे, आत्याची मुलगी करणे मात्र कमी पसंतीचे. १९५५चा हिंदू विवाह कायदा भावाबहिणीच्या मुलांचे लग्न निषिद्ध नात्यांत धरतो, पण रूढी असेल तर सूट देतो, आणि ती सूट आपल्याकडे इतकी रुळली आहे की बंदीची कुणाला खबरही नसते. पाथरीत मुसलमान वस्तीही मोठी आहे आणि त्या समाजात चुलत-मावस नात्यांतही लग्ने होतात. तेव्हा नात्यातल्या लग्नाने धोका वाढतो का? वाढतो. समजा एखाद्या बिघाडाचा वाहक शंभरांत एक आहे. परक्या जोडप्याला आजारी मूल होण्याची शक्यता चाळीस हजारांत एक. सख्ख्या आतेमामे भावंडांचे लग्न असेल तर साधारण बत्तीसशेत एक, म्हणजे बारापटीहून जास्त. आजार जितका दुर्मीळ, तितका हा फरक मोठा.

पण मग ‘आमच्या आजीने मामाच्या घरात संसार केला, कुणाला काही झाले नाही’ या आक्षेपाचे काय? तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आकडे त्याच्याच बाजूचे आहेत. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात जन्मलेल्या हजारो मुलांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात जन्मजात व्यंगांचे प्रमाण साधारण शेकडा तीन होते, आणि आईवडील चुलत-मावस-आतेमामे भावंडे असतील तर शेकडा सहाच्या आसपास. दुप्पट, हे खरे. तरीही शंभरांतली चौऱ्याण्णव मुले धडधाकट. ज्या चौऱ्याण्णवांचा अनुभव गावाने पिढ्यान्‌पिढ्या घेतला, त्यांना नात्यातले लग्न म्हणजे विष असे सांगायला गेले की आरोग्यसेविकेवरचा विश्वासच उडतो, आणि तो उडालेला विश्वास उरलेल्या सहांच्या कामी येत नाही. दुसरे असे की सगळा ठपका नात्यातल्या लग्नावर ठेवला की बाकीचे निश्चिंत होतात. अग्रवाल समाजाचे उदाहरण इथे निर्णायक आहे: तिथे गोत्र टाळूनच लग्ने होतात, मामाची मुलगी करण्याची चाल नाही, तरी आजार एकाच पूर्वजाचा. तेलंगण-आंध्रातल्या वैश्य समाजात, ज्याच्या शाखा मराठवाड्याच्या बाजारपेठांतही पूर्वापार आहेत, रक्तातल्या एका विकराची जन्मजात कमतरता इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळते. एरवी माणसाला काहीच त्रास नसतो, पण शस्त्रक्रियेवेळी स्नायू सैल करण्याचे सक्सिनिलकोलीन हे औषध दिले की मिनिटांत उतरणारा परिणाम तासन्‌तास राहतो आणि श्वास यंत्रावर ठेवावा लागतो. एका भावाच्या बाबतीत हे घडले की बहिणीच्या शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला सांगणे, एवढाच त्यावरचा उपाय, आणि तो फुकट आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे के. थंगराज, हार्वर्डचे डेव्हिड राइख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६३ समाजगटांचा अभ्यास मांडला; त्यांतल्या ८१ गटांमध्ये मोजक्या पूर्वजांचा ठसा फिनलंडमधले लोक आणि अश्केनाझी ज्यू यांच्याहूनही खोल होता, आणि या गटांत दहा लाखांहून मोठे चौदा गट होते. संख्येने अफाट असलेली जातसुद्धा, बेटीव्यवहार आतल्या आत ठेवला तर, जनुकांच्या हिशेबाने एक छोटे गावच असते. सोयरीक जातीतच करायची आणि मामाची मुलगी तेवढी नको म्हणायचे, हा अर्धवट शहाणपणा आहे.

आता मुख्य सवालाकडे. औषध नाही, मग निदान कशाला? यातले पहिले गृहीतकच तपासून पाहावे लागते, कारण ‘औषध नाही’ हा निष्कर्ष आपल्याकडे निदान होण्याआधीच काढला जातो. विल्सनच्या आजारात शरीरातले तांबे यकृतात आणि मेंदूत साचत जाते. वेळेवर कळले तर गोळ्यांनी ते रोखता येते, आणि रुग्णाच्या भावंडांना लक्षणे दिसण्याआधी तपासून औषध सुरू केले तर त्यांना आजार जवळपास शिवतही नाही. पहिल्या मुलाला ‘कावीळ’ म्हणून गावठी औषध पाजत ठेवले, तर दुसऱ्याची ही संधी जाते. अधिवृक्क ग्रंथींच्या एका जन्मजात दोषात दिसायला सुदृढ बाळ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या होऊन, क्षार घटून दगावते. घरात ‘आमची मुले महिन्याची होत नाहीत’ एवढेच उरते, आणि उपाय असतो हायड्रोकॉर्टिसोनसारखे जुने, स्वस्त संप्रेरक. बायोटिनिडेजच्या कमतरतेत फिटा येतात, केस गळतात, ऐकू येईनासे होते; औषध म्हणजे बायोटिन हे जीवनसत्त्व. या तिन्ही ठिकाणी पहिल्या मुलाचे नुकसान कदाचित भरून येत नाही, दुसऱ्याचे पूर्ण टळते. आणि जिथे खरोखरच औषध नाही किंवा ते परवडण्यापलीकडचे आहे तिथे? २०२१ साली स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी झालेल्या महाराष्ट्रातल्या बाळांसाठी सोळा कोटींच्या इंजेक्शनची लोकवर्गणी घरोघरी चर्चेत होती. लोकांनी हात सैल सोडला, हे चांगलेच झाले. पण त्या सगळ्या गदारोळात, हाच दोष पुढच्या बाळात आहे का हे गरोदरपणाच्या अकराव्या आठवड्यापासून वारेचा अंश तपासून कळू शकते, ही माहिती कितीशा घरांत पोहोचली? सोळा कोटींची बातमी होते, काही हजारांच्या तपासणीची होत नाही.

या तपासणीवर मराठवाड्यात घेतला जाणारा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येत नाही. गर्भाची तपासणी म्हटले की इथल्या माणसाला सोनोग्राफीच्या बंद खोल्या आठवतात. पाथरीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. ज्या यंत्राने मुली गेल्या त्याच वाटेने आता आजारी मुलेही वगळायची का, असे कुणी विचारले तर त्याचा राग येण्याचे कारण नाही. उत्तर एवढेच की १९९४चा कायदा लिंग सांगण्यावर बंदी घालतो आणि त्याच कायद्यात आनुवंशिक व चयापचयाच्या आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात तपासणीला स्पष्ट परवानगी आहे. निदान म्हणजे गर्भपात, असेही नाही. विल्सनसारख्या आजारात जन्मानंतरची तपासणी पुरते. काही जोडपी पुढचे मूल नको म्हणतात, काही सगळे समजून घेऊन गर्भ ठेवतात. निर्णय काय व्हावा हे प्रस्तावनाकाराने सांगू नये. पण निर्णय घेण्यासाठी जे ठाऊक असावे लागते ते त्या आईला न सांगताच तिच्या पोटी दुसरे मूल येते, यात नीतीचा विजय कुठे आहे, ते मला दिसत नाही.

पैशाचा आणि अंतराचा आक्षेप उरतो. केंद्राच्या २०२१च्या दुर्मीळ आजार धोरणाने काही ठरावीक रुग्णालये उत्कृष्टता केंद्रे म्हणून नेमली, मुंबईचे केईएम त्यांतले एक. २०२२ पासून तिथल्या नोंदणीकृत रुग्णाला पन्नास लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. पण पाथरीहून परभणी, तिथून रात्रभराची देवगिरी एक्स्प्रेस, आजारी मूल मांडीवर, बुडालेली मजुरी, ही गणिते धोरणात नसतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीपर्यंत जातात. प्रत्येक मूल मुंबईला नेण्याची गरज नसतेही. पहिले काम गावातच होऊ शकते, आणि ते म्हणजे वंशावळ लिहिणे. या कामात मराठवाड्याला कुणी शिकवायची गरज नाही. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी निजामकाळातले खासरे, मोडी दप्तरे उपसून हजारो घरांनी चार-चार पिढ्यांच्या वंशावळी बांधल्या आहेत. पाथरीला तर वंशकथेचा जुनाच सोस: अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांपर्यंत नेले जाते, आणि त्या पिढीजात नात्यापोटी सोळाव्या शतकात निजामशहाने हे गाव वऱ्हाडच्या इमादशहाकडून लढून घेतले, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. अडचण अशी की या सगळ्या वंशावळी पुरुषांच्या आहेत. तहसिलीतल्या वंशावळीत मुली नसतात, त्या कुठल्या गावी दिल्या ते नसते, बारशाआधी गेलेली बाळे नसतात, पडलेले गर्भ तर नसतातच. आजाराचा माग नेमका याच गाळलेल्या माणसांतून जातो. चौकोन पुरुषाचा, वर्तुळ स्त्रीचे, नात्यातले लग्न असेल तर दुहेरी रेघ, आजारी असेल तर आकृती भरलेली. आशाताईने घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारून अर्ध्या तासात काढलेला असा तक्ता केईएमच्या तज्ज्ञाला महागड्या तपासणीइतकाच उपयोगी पडतो. सोबत आजारी मूल हयात असतानाच त्याच्या रक्ताचे थेंब खास कागदावर वाळवून ठेवले, तर मूल गेल्यानंतरही भावंडांसाठी उत्तर शोधता येते. ते न ठेवल्यामुळे कायमचे बंद झालेले दरवाजे हा या विषयातला सर्वांत स्वस्तात टाळता येण्यासारखा तोटा आहे.

शेवटचा आक्षेप लोक मोठ्याने बोलत नाहीत: तक्ता लिहिला, आजाराचे नाव गावात झाले, तर घरातल्या चांगल्या पोरीचे लग्न कसे जमायचे? ही भीती खरी आहे, आणि म्हणून हे कागद गुप्त राहिलेच पाहिजेत. पण लपवल्याने त्या मुलीचे भले होते का, हे आकड्यांत पाहता येते. जिची भावंडे आजारी आहेत अशा निरोगी मुलीची वाहक असण्याची शक्यता तिनात दोन. बाहेर कुणाला सांगायचे नाही म्हणून नेमके काय होते, तर ‘घरची गोष्ट घरात’ ठेवण्यासाठी तिला आत्याच्या घरी दिले जाते. तिचा बाप वाहक, म्हणून आत्या वाहक असण्याची शक्यता निम्मी, आत्याच्या मुलाची चारात एक. त्या लग्नातून आजारी मूल होण्याची शक्यता चोविसांत एक. तीच मुलगी नात्याबाहेर दिली आणि तिथे वाहक शंभरांत एक असला, तर सहाशेत एक. आणि भावंडाचे निदान झालेले असेल तर नेमका कोणता बिघाड शोधायचा हे माहीत असते, त्यामुळे तिची आणि होणाऱ्या नवऱ्याची रक्ततपासणी करून हा अंदाज बाजूला ठेवता येतो: दोघांपैकी एक जण जरी वाहक नसला, तरी आत्याच्या घरचे ते लग्नही या आजारापुरते बिनधोक ठरते.